ओट्सच्या कुकीज: आधी भाकरी, मग दगड. चुकतंय कुठे?

ओलीहळद

नमस्कार मंडळी. बेकिंगचा एक जुना धागा आहे, पण त्यातले शेवटचे दोनेकशे प्रतिसाद 'कुठला ओव्हन घेऊ' यावरच चाललेत. म्हणून नवा काढते. नको असेल तर संपादकांनी हलवावा.

दिवाळीत घरात ओटीजी, म्हणजे छोटा विजेचा ओव्हन, आला. लेकीच्या डब्यात दुकानातली बिस्किटं द्यायची नाहीत असं मीच मोठ्या तोऱ्यात जाहीर केलेलं, त्यामुळे आता माघार घेता येत नाही. एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून ओट्सच्या कुकीज केल्या. प्रमाण असं होतं: बटर १ कप, साखर सगळी मिळून दीड कप, अंडी २, मैदा दीड कप, ओट्स ३ कप, सोडा १ चमचा, दालचिनी, बेदाणे.

पहिल्या वेळी ट्रेवर बारा गोळे ठेवले. दहा मिनिटांनी काचेतून डोकावले तर गोळा म्हणून एकही शिल्लक नाही. ट्रेभर एकच तपकिरी भाकरी आणि कडेने बटर उकळतंय. उलथन्याने खरवडून काढली. लेकीने चमच्याने खाल्ली आणि 'चिवडा छान झालाय' म्हणाली.

दुसऱ्या वेळी धडा घेऊन मूठ-दोन मूठ कणीक वाढवली. पसरल्या नाहीत. पण बारा मिनिटांनी बोट लावलं तर अजून मऊ, म्हणून आणखी ठेवल्या. पंचवीस मिनिटांनी काढल्या. गार झाल्यावर सासूबाईंनी एक कुकी घेतली, चहात बुडवली, थांबल्या, पुन्हा बुडवली आणि हळूच बशीत ठेवून दिली. काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

जाणकारांनी सांगा, चुकतंय कुठे?

चहाबिस्कुट

सासूबाईंचा प्रतिसाद सर्वात नेमका आहे. बाकी मी फक्त वाचायला बसलोय, कारण माझ्याही पसरतात.

पाटावरवंटा

दुसऱ्या वेळचं कोडं सोपं आहे. कुकी ओव्हनमधून निघते तेव्हा मऊच असते. गरम असताना त्यातलं बटर पातळ असतं आणि साखर वितळलेली असते, गार होताना दोन्ही आळतात. कडा तांबूस झाल्या आणि मध्यभाग अजून कच्चट वाटतोय, नेमकी तीच काढायची वेळ. ट्रे बाहेर काढा, पाच मिनिटं हातही लावू नका, मग उलथन्याने उचलून जाळीवर टाका. ओव्हनमध्ये कडक झाली म्हणजे बाहेर तिचा दगडच होणार. चिक्कीचा पाक कढईत कडक होईपर्यंत कोणी थांबतं का?

पसरण्याचं म्हणाल तर बटर फार वितळलेलं होतं का? आपल्याकडचं 'रूम टेंपरेचर' आणि त्या बाईंचं यात दहा-बारा अंशांचा फरक असतो. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बटर चकाकू नये, इतपतच मऊ हवं. आणि गोळे करून ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. तेवढ्यात ओट्सही ओलावा पितात.

ओलीहळद

@पाटावरवंटा, चिक्कीचं उदाहरण ऐकून कपाळावर हात मारला. इतकं साधं! बटर मात्र वितळलेलं नव्हतं. फ्रीजमधून काढून तासभरच ठेवलं होतं. शिवाय मोजूनमापून घेतलं होतं हो. १ कप बटर म्हणजे २२७ ग्रॅम असं वाचलं, म्हणून शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन वड्या आणि तिसरीतला तुकडा घेतला.

वजनकाटा

थांबा थांबा. बटर ग्रॅममध्ये मोजलंत. मैदा आणि ओट्स कशाने मोजलेत?

ओलीहळद

कपाने. घरातला नेहमीचा चहाचा कप.

वजनकाटा

सापडलं बहुतेक. एक काम करा. तो कप पाण्याने काठोकाठ भरा आणि ते पाणी औषधाच्या मापाने, दुधाच्या मापाने, जे असेल त्याने मोजा. आकडा इथे लिहा. तोवर बाकीच्यांनी तर्क लढवावेत.

चहाबिस्कुट

धागा रंगतोय. मी चहा ठेवतो.

ओलीहळद

१५० मिली. लेकीच्या सिरपच्या झाकणाने १० मिली गुणिले १५. दोनदा मोजलं.

वजनकाटा

तर मग हे बघा. त्या बाईंचा कप २४० मिलीचा. त्यांच्या दीड कपात मैदा भरतो साधारण १८५ ग्रॅम आणि तीन कपांत ओट्स साधारण २७०. म्हणजे कोरडा ऐवज सुमारे ४५५ ग्रॅम. तुमच्या चहाच्या कपाने मैदा आला ११५ च्या आसपास, ओट्स १७० च्या आसपास. एकूण २८५. बटर मात्र अमेरिकन हिशेबाने पुरं २२७! बटर धरून ठेवायला खाली पीठच नव्हतं, ते पसरणार नाही तर काय करणार?

सगळंच चहाच्या कपाने मोजलं असतं तर एवढं बिघडलं नसतं, कारण प्रमाण कायम राहिलं असतं. अर्धं वजनाने, अर्धं मापाने, आणि मापं दोन देशांची, असं झालं की हे होतं. दोष तुमचा नाही. आपल्याकडे 'कप' नावाचं माप नाहीच. वाटी आहे, आणि ती सासरी वेगळी, माहेरी वेगळी.

तीन-चारशे रुपयांत डिजिटल काटा मिळतो. ओव्हनच्या आधी तो घ्यायला हवा होता.

पाटावरवंटा

वजनकाटा, तुमच्या आयडीला जागलात. साष्टांग.

माई_पंचवटी

वाचून हसूही आलं आणि जुने दिवसही आठवले. आमच्या लहानपणी बिस्किटं घरी व्हायची नाहीत, भट्टीवर व्हायची. मे महिन्यात आई रवा, मैदा, पिठीसाखर, तूप असं सगळं घरी तोलून डब्यांत भरून द्यायची आणि आम्ही भावंडं ते घेऊन बेकरीत जायचो. पावांचा घाणा निघाला की भट्टीची धग जरा उतरते, तेव्हा नानकटाईची पाळी. काळे पडलेले पत्र्याचे ट्रे तिथलेच. आपले ट्रे ओळखू यावेत म्हणून आई प्रत्येक नानकटाईवर चारोळी लावायची, शेजारच्या काकू बदामाचा काप. तरी अदलाबदल व्हायचीच, आणि संध्याकाळी दोन्ही घरी एकमेकींच्या तुपावर बोलणं व्हायचं.

सांगायचा मुद्दा वेगळाच आहे. आई परातीत तूप आणि पिठीसाखर तळहाताने फेसायची. अर्धा-अर्धा तास. मग वाटीभर पाण्यात त्याचा बोराएवढा गोळा टाकायची. बुडाला तर अजून फेसायचं, तरंगला तर पीठ घालायचं. तुमच्या व्हिडिओतल्या बाई यंत्राने बटर-साखर फेटतात ना, ते हेच. ओलीहळद, तू किती वेळ फेटलंस?

ओलीहळद

माई, खरं सांगू? चमच्याने ढवळलं. साखर दिसेनाशी झाली तेव्हा थांबले. तीनेक मिनिटं असतील.

वजनकाटा

माईंच्या आईंची परीक्षा अगदी शास्त्रशुद्ध आहे. नुसतं तूप पाण्यावर तरंगतंच. साखर मात्र जड, त्यामुळे तूप-साखरेचा गोळा बुडतो. फेसताना साखरेच्या कणांमुळे तुपात हवेचे बुडबुडे अडकत जातात आणि पुरेशी हवा भरली की गोळा वर येतो. पुढे भट्टीत ही हवा फुगते, पिठातल्या पाण्याची वाफ आणि सोड्याचा वायूही त्याच बुडबुड्यांत शिरतो. नवे बुडबुडे सोडा तयार करत नाही, असलेले मोठे करतो. म्हणून फेटणं टाळून सोडा वाढवला तर बिस्किट हलकं होत नाही, साबणासारखं लागतं.

मात्र ओट्सच्या कुकीजना नानकटाईइतकं फेसू नये. रंग फिका पडेपर्यंत, हाताने आठ-दहा मिनिटं, पुरे. जास्त हवा भरली तर त्या फुगून मग बसतात.

गुळाचीढेप

साखर कुठली वापरली ते कोणी विचारलंच नाही. कोल्हापूरचा असल्याने हा प्रश्न मलाच विचारणं भाग आहे.

ओट्सच्या कुकीला जी चव लागते ती ब्राऊन शुगरची. आणि ब्राऊन शुगर म्हणजे काही मोठं रहस्य नाही. पांढरी साखर आणि मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरलेला काळा पाक. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी आणि कितीतरी चवदार वस्तू काकवी. १०० ग्रॅम साखरेत एक मोठा चमचा काकवी घालून बोटांनी चोळा, झाली तयार. ओलसर वाळूसारखी दिसते.

गूळ घालायचा असेल तर किसून, चाळून घ्या. खडा राहिला की तो ओव्हनमध्ये वितळतो, कुकीला तिथे भोक पडतं आणि खाली करपलेला डाग. गुळाच्या कुकीज मऊ राहतात आणि लवकर लाल होतात, तेव्हा आच दहा अंश कमी. आणि पिवळाधम्मक, चकचकीत गूळ घेऊ नका. काळपट असतो तो घ्या. दुकानदार 'ताई, हा जुना आहे' म्हणेल. म्हणू दे.

तिसरीशिट्टी

ओव्हन नसलेल्यांची बाजू कोणी मांडायची? मी जाड बुडाच्या कढईत करते. तळाला अर्धा किलो जाडं मीठ, त्यावर स्टँड, झाकण ठेवून मध्यम आचेवर दहा मिनिटं तापवायचं. मग स्टीलच्या ताटलीवर बटर पेपर, एका वेळी पाच-सहाच गोळे. आच अगदी मंद, अठरा ते बावीस मिनिटं. कुकरमध्येही होतात, पण शिट्टी आणि रबर काढून, आणि पाणी अजिबात नाही. वरून ओव्हनसारखा रंग येत नाही, हे आधीच सांगते. चवीत फरक नाही. ते मीठ स्वयंपाकाला चालत नाही, बरणीत भरून पुढच्या वेळी पुन्हा वापरायचं. माझी बरणी तीन वर्षं चालू आहे.

यारातीर

मेलबर्नहून रामराम. अंड्याशिवाय हव्या असतील तर इथली अँझॅक बिस्किटं करून बघा. अंडं वगळलेली नाहीत, मुळातच बिनअंड्याची आहेत. ओट्स १ कप, मैदा १ कप, साखर पाऊण ते १ कप, सुकं बारीक खोबरं पाऊण कप, बटर १२५ ग्रॅम, गोल्डन सिरप २ मोठे चमचे. (कप इथला २५० मिलीचा. वजनकाटा रागावण्याआधी लिहितो.) बटर आणि सिरप एकत्र वितळवायचं. दोन चमचे उकळत्या पाण्यात एक छोटा चमचा सोडा विरघळवून तो त्यात ओतायचा. पातेलं मोठं घ्या, कारण तो क्षणात फसफसून काठापर्यंत येतो. आमच्या धाकट्याला या पाककृतीत फक्त याच क्षणात रस असतो. मग सगळं कोरड्यात ओतून गोळे करायचे आणि १६० अंशांवर पंधरा-वीस मिनिटं.

गोल्डन सिरपच्या जागी मी पुण्याहून आणलेली काकवी घालून पाहिली. आता मुद्दाम तीच घालतो.

इथे २५ एप्रिलला अँझॅक डे असतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली त्या दिवशी ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या फौजा तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरल्या, त्याची आठवण. घरून सैनिकांना पाठवलेली बिस्किटं बोटीच्या लांबच्या प्रवासात टिकायला हवीत, म्हणून अंडं नाही, असं सांगतात. 'अँझॅक' हे नाव कायद्याने राखलेलं आहे. विकताना बिस्किट म्हणायचं, 'कुकी' म्हटलेलं सरकारला चालत नाही. मी ऑफिसात एकदा कुकी म्हटलं तर शेजारच्या आजोबांनी असं बघितलं की पुरणपोळीला कोणी पॅनकेक म्हटल्यावर आपण बघतो.

रब्बी

मंडळी, राग मानू नका. पण आमच्याकडे ओट गाईला घालतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, पन्नास-पंचावन्न दिवसांत पहिली कापणी, फुटवा आला की दुसरी. 'केंट' नावाचं वाण आहे. गाय आवडीने खाते, दुधालाही चांगला. बायकोने परवा शहरातून ओट्सचं पाकीट आणलं, मी भाव वाचला आणि गोठ्याकडे आदराने बघितलं.

(दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या. कुकीज मी खाणार आहे.)

चहाबिस्कुट

'गोठ्याकडे आदराने बघितलं', वाखुसा (वाचनखूण साठवली).

निंबोणी

माझ्या सासऱ्यांना मधुमेह आणि कोलेस्टेरॉल दोन्ही आहे. ओट्स कोलेस्टेरॉलला चांगले म्हणतात. मग या कुकीज रोज दोन दिल्या तर चालतील ना? ओट्स पोटात जातील तेवढे.

वजनकाटा

हिशेब मांडतो, निर्णय डॉक्टरांचा. ओट्समधला गुणकारी भाग म्हणजे बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू. कोलेस्टेरॉलवर परिणामासाठी दिवसाला ३ ग्रॅम लागतो असं धरतात. ओट्समध्ये तो साधारण ४ टक्के, म्हणजे ७५ ग्रॅम ओट्स हवेत. एका कुकीत ओट्स जातात सहाएक ग्रॅम. म्हणजे रोज डझनभर कुकीज! त्यांच्याबरोबर ५० ग्रॅम बटर आणि ६५ ग्रॅम साखर-गूळ. आजोबा खूश होतील, रिपोर्ट होणार नाही.

त्यांना ओट्सचं थालीपीठ द्या, उपमा द्या. कुकी हा खाऊ आहे, तिच्याकडून औषधाचं काम करून घेऊ नये. 'हेल्दी' म्हणून बटरऐवजी केळं, साखरेऐवजी खजूर घातलेली जी वस्तू होते ती वाईट नसते, पण तिला खजुराचा लाडू म्हणावं.

पाटावरवंटा

शेवटच्या वाक्याला +१००. आणि खजुराचे लाडू ओव्हनमध्ये घालायचे नसतात, तेवढी वीज वाचते.

खळ्यावरून

रत्नागिरी. माझा प्रश्न पावसाळ्याचा. जुलैत केलेल्या कुकीज दुसऱ्या दिवशी सादळतात. डबा घट्ट असला तरी.

माई_पंचवटी

गरम असताना भरत असशील. आतली वाफ डब्यातच राहते. जाळीवर पुरतं गार होऊ दे, तास गेला तरी चालेल, मग स्टीलचा डबा. प्लॅस्टिकचा नको. आणि एका मोठ्या डब्यात सगळं भरू नये, रोज झाकण उघडलं की रोज दमट हवा आत. दोन लहान डबे कर. सादळल्याच तर १५० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून गार कर, पुन्हा कुरकुरीत होतात. गुळाच्या मात्र मऊच राहायच्या, त्या पावसात करूच नयेत.

ओलीहळद

मंडळी, निकाल आणलाय.

काटा मागवला. साडेतीनशे रुपये. रविवारी वजनकाटांनी व्यक्तिगत निरोपातून दिलेलं प्रमाण घेतलं: बटर १०० ग्रॅम, साखर ६० (त्यात चमचाभर काकवी चोळून), काळपट गूळ किसून ७०, एक अंडं, कणीक ११०, ओट्स १५०, सोडा अर्धा छोटा चमचा, दालचिनी अर्धा चमचा, जायफळ चिमूट, बेदाणे ६०. आमचं पिवळं बटर खारं असल्यामुळे वेगळं मीठ नाही. अंडं नको असेल त्यांनी ३ मोठे चमचे दूध घालायचं. बटरऐवजी तूप घ्यायचं झालं तर ८० ग्रॅमच, कारण बटरमध्ये पाणी असतं, तुपात नसतं, आणि वर एक चमचा दूध.

मी माझी एक भर घातली. ओट्स आधी कढईत मंद आचेवर कोरडेच भाजले, चिवड्याचे पोहे भाजतो तसे, पाचेक मिनिटं. खमंग वास सुटला की उतरवले आणि पूर्ण गार केले. झटपट शिजणारे बारीक ओट्स न घेता जाड, अख्ख्या पाकळ्यांचे घेतले. मसाला ओट्स कोणी घालणार नाही, तरी लिहून ठेवते.

हाताने दहा मिनिटं फेटलं. माईंची पाण्याची परीक्षा केली. पहिला गोळा बुडाला. पाच मिनिटांनी दुसरा टाकला, तो तळाशी जाऊन थबकला आणि सावकाश वर आला. लेक टाळ्या पिटत होती. (नानकटाईइतकं फेसू नका म्हटलं होतं ते माहीत आहे. पण ती गंमत सोडवेना.)

पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे चोवीस गोळे. प्रत्येक काट्यावर ठेवून! अर्धा तास फ्रीज. तळव्याने किंचित चपटे केले, १६० अंशांवर चौदा मिनिटं. कडा लाल, मध्ये मऊ. हात शिवशिवत होते, पण पाच मिनिटं ओट्यापासून लांब जाऊन बसले.

गोल! चोवीसच्या चोवीस वेगवेगळ्या! माझ्या ओटीजीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यातल्या दोन जरा करपल्या, तिथे आच जास्त लागते असं दिसतंय, पुढच्या वेळी मध्येच ट्रे फिरवीन. कडेला कुरकुरीत, आत चिवट, आणि भाजलेल्या ओट्सची चव वेगळी कळते.

सासूबाईंनी एक घेतली, चहात बुडवली. अर्धी चहात पडली. चमच्याने काढून खाल्ली आणि म्हणाल्या, "ही बुडवायची नाही वाटतं." मग दुसरी कोरडीच घेतली.

माई_पंचवटी

शाबास गं. पुढच्या वेळी चारोळी लाव.

रब्बी

गाईला कळवतो.

नवीनसभासद_९

छान धागा. एअर फ्रायरमध्ये होतील का? मी १ कप ओट्स आणि १ कप बटर घेतलंय.

ओलीहळद

होतील. आधी सांगा, तुमचा कप किती मिलीचा?